भाराची दांडी

मखमलाबाद, नाशिक
६ जुलै २०२५

गोटीरामदादा,

त्या सकाळी आधी शेळीचं दूध काढलं, मग अंगण झाडलं, मग झेंडूची चार कॅरेट भरली आणि मग गाडीखाली शिरले. मागच्या वर्षीची खंडेनवमी. हे वरून गाडी धूत होते, पाण्याची नळी हातात घेऊन, आणि मी खालून. आमच्याकडं त्या दिवशी घरात जे जे लोखंड असेल ते घासून पुसून मांडतात, हे तुला माहीतच आहे. विळे, खुरपी, कुदळ, तराजू, आणि आता गाडी. आम्हाला ती नवीच होती. निफाडच्या अन्सारभाई पिंजाऱ्यांनी दहा वर्षं तिच्यातून गाद्या आणि कापूस वाहिला, मग यांनी घेतली. फळ्यांच्या फटींत कापसाचे धागे अजून सापडायचे. मी तारेचा ब्रश आणि डिझेलचं फडकं घेऊन उताणी पडले होते. हे वरून म्हणाले, "खालून कोण बघतंय? देव काय वाकून बघणार हाय?" मी म्हणाले, "देवाचं माहीत नाय, मी बघते." चिखल खरवडला. तारेनं गुंडाळलेला कसला एक गंजका तुकडा होता, तो पकडीनं तार तोडून काढून टाकला. वाया नाही गेला, एका टोकाला कडं होतं, त्याचा शेळीला खुंटा झाला. मग आंघोळ करून स्वयंपाकाला लागले.

एवढीच सकाळ. त्यानंतर सव्वा महिन्यानं हे गेले. एकतीस वर्षांच्या संसारातलं बाकी सगळं सोडून मला ही एकच सकाळ सारखी आठवते.

तुला फोन करून उपयोग नाही, तोफांनी तुझे कान नेले. दिशा म्हणते मामाला मोबाइलवर लिहून पाठव, पण तू तसला मोबाइल ठेवत नाहीस, आणि ते मला बरंच आहे. चौथीनंतर मी शाळा पाहिली नाही. पुड्याचे कागद वाचत वाचत वाचायला शिकले, पुढं गावच्या वाचनालयातली तीन कपाटं संपवली. बोलण्यापेक्षा मला लिहिलेलं खरं वाटतं.

काम असं आहे. अपघातापासून ताडपत्रीखाली पडलेली गाडी दिशानं दुरुस्तीला दिली होती, ती गुरुवारी परत आली. पत्रा सरळ झाला, काच नवी, रंग नवा. दसऱ्यापासून फुलं मार्केटला ती स्वतः नेणार म्हणते. तिला परवाना मिळाला आहे, हात चांगला आहे, मी अडवणार नाही. पण खालून बघितल्याशिवाय मला चैन पडेना. म्हणून शिरले.

मागच्या दोन चाकांना जोडणारा जो आडवा लोखंडी दांडा आहे, त्याच्यावर एक छोटी पट्टी आहे. पट्टीला भोक आहे आणि भोकात काही नाही. तिथून वर, गाडीच्या सांगाड्याला, मुठीएवढी एक डबी आहे, तिच्यात ब्रेकच्या नळ्या जातात. डबीतून एक चपटं बोट बाहेर आलंय. ते नुसतं लोंबतं, हातानं हलवलं तर हलतं. वरचं बोट आणि खालचं भोक एकमेकांकडं बघत बसल्यासारखी दिसतात आणि मध्ये काहीच नाही. गॅरेजवाल्याला विचारलं. तो म्हणाला, मावशी, काही गाड्यांना असतं, काहींना नसतं, गाडी पळतेय ना. मी विचारलं, थांबते का? तो हसला.

चित्र काढून सोबत ठेवलं आहे. तिथं काय असायला हवं ते कळव.

तुला ठाऊक आहे, लोक म्हणतात घाट उतरताना यांना डुलकी लागली. घाटाच्या माथ्यावरून दुपारी एकला त्यांनी मला फोन केला होता. पेठहून भाताची पोती भरली आहेत, रस्ता मोकळा आहे, तासाभरात येतो म्हणाले. एवढा जड माल त्यांनी त्या गाडीत पहिल्यांदाच भरला होता, एरवी नुसती फुलं. आवाजात झोप नव्हती दादा. मी त्या आवाजाशेजारी एकतीस वर्षं काढली आहेत.

लंका


देवळाली कॅम्प
१२ जुलै २०२५

लंके,

चित्र पोचलं. बावीस वर्षं फौजेच्या गाड्यांखाली काढली, पण इतकं नीट चित्र मला एकाही जवानानं काढून दिलं नाही. साहेब लोकांनी तर नाहीच नाही. तुला भरती करून घ्यायला हवं होतं.

ती मुठीएवढी डबी म्हणजे ब्रेकचा भार ओळखणारा व्हॉल्व्ह. गाडी रिकामी असली की तिचं अंग वर उचललेलं असतं, माल भरला की खाली बसतं. वरचं बोट आणि खालची पट्टी यांच्यामध्ये एक दांडी असते. गाडी खाली बसली की दांडी ते बोट वर ढकलते, मग व्हॉल्व्हला कळतं की पाठीवर ओझं आहे आणि तो मागच्या चाकांना ब्रेकचा जोर वाढवून देतो. दांडी नसली तर व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामीच वाटते. मग भरल्या गाडीचा सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. सपाटीला ते कळत नाही. हलक्या मालाला तर कधीच कळणार नाही. उतारावर, जड मालाला कळतं.

गॅरेजवाल्याला सांग, या गाडीला ती असते म्हणजे असतेच. आणि दिशाला माझा हुकूम सांग. दांडी बसेपर्यंत गाडी जागची हलवायची नाही. पार्ट मी इथल्या दुकानात शोधतो.

आणखी एक, उगाच विचारतो. तो शेळीचा खुंटा केवढा आहे? कड्याच्या आत काही आहे का? जमिनीत गेलेल्या टोकाला काय आहे?

गोटीराम


मखमलाबाद
१७ जुलै २०२५

दादा,

मी तुला नवऱ्याचं मरण विचारते आणि तू मला शेळीचा खुंटा विचारतोस. घे. कोपरापासून मनगटापर्यंत लांब. कड्यात काळं रबर आहे, चिरलेलं. जमिनीतलं टोक कसं आहे ते मला आठवत नाही, दगडानं ठोकून पार आत घातलंय आणि वर्ष होत आलं. चंपीला दोन करडं झाली आहेत. तुला हवं तर एक देईन, पण खुंट्याची चौकशी पुरे.

मला आता एकच सांग. ती दांडी कधी गेली? आमच्या घरी आल्यावर, की आधीच नव्हती? तू जाणता आहेस, चित्रावरून तुला कळेल. मी रोज सकाळी फुलं तोडून झाली की गाडीखाली जाते आणि ते भोक बघते. दिशा म्हणते, आई, तिथं पाटी लाव, दर्शनाची वेळ सहा ते सात. पोरगी हसवायला बघते. मला हसू येतं, पण चैन पडत नाही. खुरपायला बसले तरी हात थांबतात. आधीच नसेल तर ज्यानं गाडी विकली त्याला ठाऊक असणार. त्यानं यांच्या हातात हात देऊन, चहा पाजून गाडी दिली होती.

लवकर लिही.

लंका


देवळाली कॅम्प
९ ऑगस्ट २०२५

लंके,

उशीर झाला. तब्येत बरी नव्हती, आणि पार्टही सहज मिळाला नाही. आता मिळाला आहे. दिशा परवा येऊन गेली, तिच्याबरोबर कागदात बांधून दिला आहे. तो उघडू नका. वंगण लावलेलं आहे, धूळ बसली तर काम बिघडतं. गणपती झाले की मी स्वतः येऊन बसवीन.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू चित्रात त्या भोकाला आतून गंज दाखवला आहेस. एवढा गंज एका वर्षात चढत नाही. म्हणजे दांडी फार पूर्वीच गेलेली, तुमच्याकडं गाडी यायच्या आधी. पिंजाऱ्याची गाडी, कापसाला वजन नाही, त्यामुळं त्याच्या कधी लक्षात आलं नसणार. आता जुनं उकरून उपयोग नाही. सोडून दे.

तो खुंटा मात्र दिशाबरोबर पाठव. माझ्या खिडकीच्या दाराला तसाच तुकडा लागतो आहे. चंपीसाठी बाभळीचा चांगला खुंटा तासून ठेवला आहे.

गोटीराम


मखमलाबाद
२० ऑगस्ट २०२५

दादा,

सोडून दे म्हणालास, मी सोडलं नाही. सोमवारी एसटीनं निफाडला गेले. अन्सारभाईंचं दुकान बाजारपेठेत आहे, दारातच गाद्यांचा ढीग. ते मांडी घालून रजई शिवत होते, लांब सुई हातात. मला बघून उठले, वहिनी या, बसा म्हणाले, आत हाक मारून जहिदाभाभींना पाणी आणायला सांगितलं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. एका बाईला मुलीच्या लग्नाच्या गाद्या करायच्या होत्या.

मी बसले नाही. उभ्यानंच म्हणाले, "अन्सारभाई, तुम्ही आम्हाला गाडी नाही विकली. मरण विकलं."

मग ब्रेकची दांडी नव्हती, तुम्हाला ठाऊक होतं, सगळं बोलले. आवाज चढला असेल. सुई त्यांनी रजईत टोचून ठेवली आणि माझ्याकडं बघत राहिले. जहिदाभाभी पाण्याचा तांब्या घेऊन दारात थांबल्या. मी पाणी न पिता निघाले. लग्नाच्या गाद्यांवाली बाई माझ्या मागोमाग बाहेर पडली.

वाटलं होतं, बोलले की जीव हलका होईल. एसटीत खिडकीशी बसले होते, द्राक्षबागा मागं पळत होत्या, आणि मला तो तांब्याच दिसत होता.

खुंटा पाठवला नाही. दिशानं हिसडे मारून बघितले, निघत नाही. तुझी खिडकी दोरीनं बांध.

लंका


निफाड
२ सप्टेंबर २०२५

लंकावहिनींना अन्सार पिंजारी यांचा सलाम. मला मराठी वाचता येतं, लिहायला हात वळत नाही, म्हणून मी सांगतो आहे आणि माझी मुलगी माहेनूर लिहिते आहे.

त्या दिवशी मी काही बोललो नाही. तुम्ही दुःखात होता आणि दुकानात परकी माणसं होती. तुमच्यासमोर हुज्जत घालणं मला शोभलं नसतं. पण त्यानंतर पंधरा दिवस माझं मन ठिकाणावर नाही. बाजारात लोक थांबवून गाडीची गोष्ट विचारतात. धाकटा भाऊ म्हणाला, काही दिवस दुकान बंद ठेव. मी म्हणालो, बंद ठेवलं तर खरंच वाटेल.

वहिनी, दांडी गाडीला होती. तिच्या वरच्या कड्यातलं रबर चिरलं होतं आणि खालचा नट पडला होता, त्यामुळं ती दोन्हीकडून निसटायची. नवी आणायला हवी होती, मी आणली नाही, हा माझा आळस. मी तिला बांधायची तार गुंडाळत असे, आठ वेढे, आणि दरवर्षी ईदच्या आधी तार बदलत असे. गाडी दिली त्या दिवशी मी सावळीरामभाऊंना खाली वाकवून दाखवलं होतं. म्हणालो होतो, भाऊ, ही तार कुजली की बदला, दांडी निघता कामा नये. ते हसले. म्हणाले, "माझी बायकोच गाडीखाली शिरणारी हाय. तिला सांगतो, मग मला बघायची गरज नाय."

हे शब्द मला नीट आठवतात, कारण मी घरी येऊन जहिदाला ते सांगितले होते आणि आम्ही दोघं हसलो होतो.

हे मी स्वतःला सोडवायला लिहीत नाही. तार रस्त्यात तुटली असेल. तार माझी होती, म्हणजे चूकही माझीच धरा. पण मला ठाऊक होतं आणि तरी मी गप्प राहून गाडी विकली, असं मनात ठेवू नका. ते खरं नाही. सावळीरामभाऊ दरवर्षी दसऱ्याला आमच्या दुकानाला झेंडूचं तोरण पाठवायचे. मागच्या वर्षीचं अजून दारावर आहे, वाळलेलं. जहिदा काढू देत नाही.

अन्सार
(लिहिणार माहेनूर)


मखमलाबाद
९ सप्टेंबर २०२५

गोटीरामदादा,

सोबत अन्सारभाईंच्या पत्राची नक्कल माझ्या अक्षरात पाठवते आहे. ते आधी वाच.

वाचलंस?

मी ते पत्र ओट्यावर बसून वाचलं. "आठ वेढे" इथं आले आणि पुढं वाचता येईना. ती तार मी तोडली, तेव्हा पकड दोनदा घसरली होती आणि मी म्हणाले होते, मेल्यानं किती वेढे दिलेत.

मग फळीवरून तुझी कागदात बांधलेली दांडी काढली. उघडू नका म्हणाला होतास ना? उघडली. धुळीनं काही बिघडत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कोपरापासून मनगटापर्यंत. एका टोकाला कडं, कड्यात काळं रबर, नवं, चकचकीत. दुसऱ्या टोकाला नट बसवायचे आटे. ती हातात घेऊन चंपीपाशी गेले. कुदळीनं खुंट्याभोवतीची माती सैल केली आणि तो उपटला. माती पुसली. आटे होते.

दोन्ही दांड्या ओट्यावर शेजारी ठेवल्या. चंपी मोकळी सुटली आणि तिनं गुलाबाचा एक वाफा संपवला, मला समजलं नाही.

तू पहिल्या पत्रावरूनच ओळखलं होतंस. म्हणून खुंटा केवढा विचारलास, म्हणून तो मागवत होतास, म्हणून पार्ट कागदात बांधून दिलास. तुझी खिडकी चांगली धडधाकट आहे, दिशानं बघितली आहे. मला राग तू गप्प बसलास याचा नाही. नुसता गप्प बसला असतास तर मी तुझे पाय धरले असते. तू गंजाची गोष्ट रचलीस आणि माझा दोष उचलून एका भल्या माणसाच्या दारात ठेवलास. आणि मी तिथं जाऊन तो चारचौघांत उघडून दाखवला.

आता पत्रात दुसरं काही लिहू नकोस. एवढंच लिही. ती दांडी जागेवर असती तर हे थांबले असते का?

लंका


देवळाली कॅम्प
२० सप्टेंबर २०२५

लंके,

हो, पहिल्या पत्रावरूनच ओळखलं. चित्र नुसतं पक्कं करायला होतं. तारेनं गुंडाळलेला तुकडा आला तिथंच मी पत्र खाली ठेवलं होतं.

तीन आठवडे मी उत्तर लिहीत होतो आणि फाडत होतो. शेवटी वाटलं, सावळीराम तर गेला, निदान तू तरी नीट राहावीस. पिंजाऱ्याला मी ओळखत नव्हतो. ज्याचा चेहरा बघितलेला नाही अशा माणसाच्या नावावर टाकणं मला सोपं गेलं. तू निफाडला जाशील हे डोक्यात आलं नाही, असं लिहिणार होतो. आलं होतं. तरी पत्र टपालात टाकलं. हे तू कुठं ठेवायचं तिथं ठेव.

आता तुझा प्रश्न. फौजेत गाडीला अपघात झाला की चौकशी व्हायची. कागदावर एक रकाना असायचा, कारण. साहेबाला त्यात एकच शब्द हवा असायचा. मला तो कधी भरता आला नाही. दांडी असती तर मागच्या चाकांना जास्त ब्रेक मिळाला असता, एवढं खरं. किती जास्त, ते मला सांगता येत नाही. पोती किती होती, तो कुठल्या गिअरमध्ये उतरत होता, पुढचे ब्रेक आधीच तापले होते का, वळणावर समोरून कोण आलं, यातलं मला काहीच ठाऊक नाही. दांडी असती तरी काही झालं नसतं, असं मी म्हणणार नाही. नसल्यामुळंच झालं, असंही म्हणणार नाही. मी तिथं नव्हतो. एकदा खोटं लिहिलंय, आता माहीत नाही त्याला माहीत नाहीच म्हणतो.

एक मात्र मी जाणतो. ती तार आठ वेढ्यांची होती की ऐंशी, गाडीखालचा महत्त्वाचा पार्ट तारेवर ठेवायचा नसतो. अन्सारनं ठेवला, सावळीरामनं चालवून घेतला आणि तुला कोणी सांगितलं नाही.

एकोणतीसला येतो. दांडी दिशा बसवेल, मी नुसता बघेन. ती बसवताना गाडी रिकामी आणि सपाट जागेवर हवी. चाकांना दगड लावून ठेवा. मला दारात घेणार नसशील तर मी अंगणात बसेन.

गोटीराम


मखमलाबाद
४ ऑक्टोबर २०२५

दादा,

तू गेलास त्यानंतरचं लिहिते.

तू अंगणात बसायची भाषा केली होतीस आणि मी तुला पहिला चहा खरंच अंगणात दिला. दुसरा आत दिला. ते तेवढंच होतं, आता मनात काही नाही. दिशा गाडीखालून बाहेर आली तेव्हा तिच्या नाकावर ग्रीस होतं आणि तू, काही ऐकू येत नसताना, नट किती आवळला ते तिच्या मनगटाकडं बघून सांगत होतास. तिच्या बापानं हे बघायला हवं होतं.

दिशाला मी सगळं सांगितलं. दांडी ओट्यावर होती, तिच्यासमोरच ठेवून सांगितलं. ती दांडी हातात फिरवत राहिली. मला वाटलं उठून जाईल. मग म्हणाली, "आई, बाबा वरून धूत होते, तू खालून. तुम्ही दोघं त्या सकाळी एवढं बोलत होतात. त्यांना तेवढं एक आठवलं नाही." मग ती रडली आणि मी रडले. तिनं मला दोष दिला नाही, आणि तुझा दोष नाही असंही म्हणाली नाही. मला ते बरं वाटलं.

तुझं पत्र मी पुष्कळदा वाचलं. कारणाचा रकाना तू कोराच ठेवलास. मला आधी राग आला. कोणीतरी हो म्हणावं नाहीतर नाही म्हणावं असं वाटत होतं, म्हणजे मला कुठंतरी बसता आलं असतं. आता रोज सकाळी उठले की ते तसंच कोरं समोर असतं. मी फुलं तोडायला लागते. तोडता तोडता ते असतंच. पुढंही असेल. हात मात्र आता मध्येच थांबत नाहीत.

बुधवारी खंडेनवमी झाली. लोखंड मांडलं. विळे, खुरपी, कुदळ, तराजू. जुनी दांडी घासून पुसून त्यात ठेवावी की नाही, ते कळेना. ठेवली, पण हळदकुंकू लावलं नाही. दिशानं वरून गाडी धुतली. मी खालून गेले. चिखल खरवडला, नवी दांडी बघितली, बोटानं चाचपली आणि काहीही न काढता बाहेर आले. चंपी बाभळीच्या खुंट्याला आहे. तू तासलेला खुंटा तिनं पहिल्याच दिवशी चाटून बघितला.

दांडी बसवल्यावर तू म्हणाला होतास, आधी थोडा भार टाकून, मोकळ्या रस्त्यावर ब्रेक बघून घ्या. आम्ही मळ्याच्या रस्त्यावर मातीची पोती भरून बघितलं. गाडी थांबली. मी तेव्हा बांधावर उभी होते, आत बसले नव्हते. यांच्यानंतर मी त्या गाडीत बसले नव्हते.

खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी दसरा होता. दिशानं मार्केटला फुलं दिली आणि मला घ्यायला घरी आली. मी झेंडूचं एक तोरण, आपट्याची पानं आणि ती जुनी दांडी पिशवीत घेतली आणि तिच्या शेजारी बसून निफाडला गेले. दुकान उघडं होतं, सणाची गिऱ्हाइकं होती. मी दांडी अन्सारभाईंच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की ही अन्सारभाईंनी नीट बांधून दिली होती, ती मी काढली. मग जहिदाभाभींनी आणलेलं पाणी प्यायले.

लंका